सिलिगुडीचा पास

आमच्या लोको शेडमध्ये मला अजून चार-पाच जण 'कॅना' म्हणतात. नवीन लागलेल्या पोरांना वाटतं, मी हतनूर कॅनॉलकडच्या एखाद्या गावचा असेन, त्यावरून पडलं असेल. एकाने तर सरळ विचारलं, "दादा, तुमची केळीची बाग आहे का?" कॅनाचा आणि केळीचा काय संबंध ते तोच जाणे. पण भुसावळात कशाचाही संबंध शेवटी केळीशी लागतोच.

कॅना म्हणजे कॅनाव्हारो. फाबिओ कॅनाव्हारो. इटलीचा स्टॉपर, म्हणजे गोलपुढे उभा राहून अडवणारा मधला बॅक, आणि २००६ चा फुटबॉल वर्ल्ड कप उचलणारा कॅप्टन. हे नाव मला कौतुकाने मिळालेलं नाही. त्या वर्षी सहा महिने मी डब्याच्या सुट्टीत दुसरं काही बोललोच नाही, म्हणून वैतागून ठेवलंय.

मीही स्टॉपर होतो. उंची पाच फूट साडेपाच इंच. हसून घ्या.

आमच्याकडे फुटबॉल हा रेल्वेवाल्यांचा खेळ. भुसावळात अँग्लो-इंडियन कुटुंबं होती तेव्हापासूनचा, असं वडील सांगायचे. मी खेळायला लागलो तेव्हा ती कुटुंबं गेलेली होती, मैदान मात्र होतं. मैदान म्हणजे काळी माती. मे महिन्यात तिला भेगा पडायच्या, त्यात पाय मुरगळायचा. चेंडू टप्पा खाऊन कुठे जाईल ते त्यालाच माहीत नसायचं. जुलैत त्याच मातीचा गारा व्हायचा आणि एकेका बुटाला किलोभर चिकटायची. अशा मैदानावर ड्रिब्लिंग शिकणं शक्यच नाही. म्हणून आमच्या गावात फॉरवर्ड कमी आणि बॅक जास्त तयार झाले, असं माझं मत आहे.

शिकवायला मास्तर होते, रेल्वेतूनच रिटायर झालेले. त्यांचा देव एकच, भारताचा बॅक जर्नेल सिंग. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले, तरी कोच रहीम साहेबांनी त्याला फायनलला उतरवलं, तेही बॅकला न ठेवता पुढे फॉरवर्डला. आणि पट्ठ्याने दक्षिण कोरियाविरुद्ध गोल मारला. २-१ ने सोनं. मास्तर ही गोष्ट पावसाळ्यात दर आठवड्याला सांगायचे आणि मग म्हणायचे, "तुम्हाला साधी सर्दी झाली तरी आई चिठ्ठी पाठवते."

मास्तरांनीच मला स्टॉपरला उभं केलं. उंचीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. ते फक्त एक गोष्ट पुन्हा पुन्हा घोकून घ्यायचे: पहिला चेंडू कोणीही काढतो, दुसरा काढ. कॉर्नर आला, तू डोक्याने बाहेर मारलास, काम संपलं नाही. तो पडणार कुठे, तिथे कोण उभा आहे, तिथे तू आधी पोचतोस का. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिता आलं असतं.

१९९५ ला आंतरमहाविद्यालयीन फायनल होती, जळगावला. समोर धुळ्याचं कॉलेज. शेवटची पाच मिनिटं, ०-०. त्यांचा कॉर्नर आला. त्यांचा सेंटर फॉरवर्ड माझ्यापेक्षा वीतभर उंच. मी त्याच्या आधी उडालो आणि असा हेडर मारला की तसा आयुष्यात आधीही मारला नव्हता आणि नंतरही नाही. चेंडू डीच्या, म्हणजे गोलपुढच्या चौकोनाच्या, बाहेर गेला. आणि मी उभा राहिलो. बघत. मैदानाकडेला आमच्या कॉलेजची पोरंपोरी बसली होती, तिकडे एक नजरही टाकली, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात तो चेंडू त्यांच्या हाफबॅकच्या पायावर पडला होता. त्याने टप्प्यावरच परत हाणला, मी जिथे पुढे सरकून उभं राहायला पाहिजे होतं बरोबर त्या जागेतून. गोल.

मास्तर परतीच्या गाडीत म्हणाले, "हेडर झकास होता. नंतर काय फोटोला उभा राहिला होतास?" एवढंच. पुढे जळगाव ते भुसावळ कोणी बोललं नाही.

पुढच्या वर्षी एका मोठ्या खात्याच्या टीमसाठी मुंबईला ट्रायल दिली. तिथे चेंडूला पाय लागायच्या आधी टेपने उंची मोजली. १६६ सेंटिमीटर. मोजणारा माणूस चांगला होता, तोंड पाडून म्हणाला, "स्टॉपर कशाला म्हणतोस? विंगला ये." मी विंगला गेलो. विंगला मी काय दिवे लावले ते सांगत नाही. परत आलो, कॉलेज सोडलं, आयटीआय केलं, अप्रेंटिस लागलो, तिथून शेडमध्ये. खेळ रविवारपुरता उरला.

आता कॅनाव्हारो. त्याचीही उंची कागदोपत्री १७६ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट नऊ. आमच्या शेडमध्ये हा माणूस उंच गणला गेला असता. पण युरोपातल्या स्टॉपरला सहा फुटांखाली कोणी विचारत नाही. २००६ मध्ये त्याच्या शेजारी मातेराझ्झी उभा राहायचा, १९३ सेंटिमीटर. राष्ट्रगीताच्या वेळी कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकायचा तो कॅनाव्हारोशी आला की खाली उतरायचा.

नेपल्सचा पोरगा, जन्म १९७३ चा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मॅराडोना नेपल्सच्या नापोली क्लबला खेळत होता तेव्हा हा त्याच स्टेडियममध्ये बॉलबॉय होता. १९९० ची इटली-अर्जेंटिना सेमीफायनल नेपल्सलाच झाली, तीही त्याने रेषेबाहेर बसून चेंडू परत फेकत पाहिली. इटली पेनल्टीवर हरली. १९९३ मध्ये नापोलीकडूनच तो वरच्या लीगमध्ये उतरला. मग क्लबकडचे पैसे संपले आणि १९९५ ला त्याला पार्मा क्लबला विकलं. म्हणजे मी जळगावला हेडर मारून फोटोला उभा होतो त्याच वर्षी.

पार्मात त्याची खरी घडण झाली. मागे गोलमध्ये बुफॉन, शेजारी फ्रान्सचा थुराम, आणि हा. १९९९ मध्ये मॉस्कोला फ्रान्सच्या मार्सेला ३-० हरवून त्यांनी युरोपातल्या क्लबांचा यूएफा कप घेतला. तेव्हा मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते युरो २००० मध्ये. फायनलला इटली १-० पुढे होती, भरपाईच्या वेळेत फ्रान्सने बरोबरी केली आणि मग त्रेझेगेने गोल्डन गोल, म्हणजे मॅच तिथेच संपवणारा गोल, मारला. शेवटची शिट्टी झाल्यावर कॅमेऱ्याने इटलीचे बॅक दाखवले. त्यांत हा सगळ्यात बुटका. मी बायकोला म्हटलं, "हा बघ, हा माझ्यासारखा आहे." ती म्हणाली, "हरला ना? मग असेलच." आमच्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

नंतरची चार वर्षं त्याला साडेसातीच होती. २००२ च्या वर्ल्ड कपला दोन यलो कार्डं झाल्यामुळे कोरियाविरुद्धच्या मॅचला तो बाहेर, आणि इटली तिथेच गेली. त्याच वर्षी इंटर मिलानला गेला तर पायाच्या हाडाची दुखापत. २००४ ला इंटरने त्याला युव्हेंटसला देऊन टाकलं, बदल्यात घेतला उरुग्वेचा गोलकीपर कारिनी. बैलबाजारात चांगला बैल देऊन घरी शेळी आणणारे असतात ना, तसा सौदा. इंटरवाले आजही त्यावर बोलायला तयार नसतील. दोन वर्षांत तो बैल जगातला सगळ्यात भारी खेळाडू ठरला.

२००६. इथे मला थांबावंच लागेल.

त्या वर्षी आमच्या भागात लोडशेडिंगने कहर केला होता. खेड्यांत तर दिवसाचे कितीतरी तास लाइट नसायची. आमच्या रेल्वे क्वार्टरला त्या मानाने बरं होतं, म्हणून वर्ल्ड कपच्या महिन्यात आमचं घर म्हणजे धर्मशाळा. ४ जुलैच्या रात्री सेमीफायनलला यावल तालुक्यातून माझे दोन मेहुणे मोटरसायकलवर पावसात भिजत आले. सोबत डब्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरी. वांग्यांचा मोसम नसताना भरीत कुठून आणलं हे मी विचारलं नाही. माझी आई आतल्या खोलीत झोपलेली. मॅच साडेबाराला सुरू झाली. डॉर्टमुंडचं स्टेडियम, समोर यजमान जर्मनी.

नव्वद मिनिटं ०-०. एक्स्ट्रा टाइमही संपत आला. धाकटा मेहुणा भिंतीला टेकून झोपला होता. ११९ व्या मिनिटाला पिर्लोने न बघितल्यासारखं करून ग्रोसोला चेंडू दिला आणि ग्रोसोने लांबच्या कोपऱ्यात वळवला. १-० झालं. आम्ही ओरडलो नाही, तोंडावर हात ठेवले, कारण आई.

मग जे झालं ते मी तेव्हापासून किती वेळा पाहिलं असेल, मोजलं नाही.

जर्मनी सगळी पुढे आलेली. चेंडू उंच उडून इटलीच्या डीत येतो. कॅनाव्हारो उडतो. बारकाईने बघा, तो बाकीच्यांच्या आधी उडतो. उंच स्ट्रायकर चेंडू जवळ यायची वाट बघतो, कारण त्याला ते परवडतं. बुटक्याला नाही परवडत. बुटक्याने आधीच वर जाऊन हवेत जागा धरायची, म्हणजे दुसरा उडाला की तो तुझ्या अंगावर आपटतो, चेंडूवर नाही. शाळेत पहिल्या बाकावर दप्तर टाकून ठेवायचो, तसं. कॅनाव्हारोने जागा धरली, डोकं लावलं, चेंडू डीच्या बाहेर गेला.

इथपर्यंत मीही केलं होतं. जळगावला.

पण तो जमिनीवर आला तोच पळत आला. थांबलाच नाही. चेंडू खाली उतरत होता, जर्मनीचा पोडोल्स्की तो ताब्यात घ्यायला निघाला होता, आणि हा गडी १२० मिनिटं खेळलेल्या पायांनी त्याच्या पुढून घुसला आणि चेंडू काढून घेऊन गेला. पुढे टोट्टीने तो जिलार्दिनोला दिला, जिलार्दिनोने न बघता बाजूला सोडला, मागून डेल पिएरो पळत आला आणि त्याने गोलकीपर लेहमानच्या डोक्यावरून वळवून टाकला. २-०. सगळे डेल पिएरोचं नाव घेतात. घेऊ देत.

मी मात्र उभा राहून ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. मेहुणे सांगतात, मी "दुसरा! दुसरा!" असं ओरडत होतो आणि त्यांना वाटलं मी दुसऱ्या गोलाचं म्हणतोय.

आतून आई उठून आली. ती अमळनेरकडची, घरात अहिराणीच बोलायची. "काय व्हयनं रे? चोर उना का?"

"नही माय, इटली जितनी."

"कोन?"

"जपी जाय, माय."

पहाटेचे तीन वाजून गेले होते. बाहेर पाऊस थांबला होता, यार्डात शंटिंग चालू होतं. मी सहाच्या ड्युटीला तसाच गेलो.

फायनलची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. समोरच्या फ्रान्सकडून झिदानची पेनल्टी, मातेराझ्झीचा हेडर, मग झिदानचा मातेराझ्झीच्या छातीवर दुसराच हेडर. पेनल्टी शूटआउटला ५-३. चुकली ती फक्त त्रेझेगेची, सहा वर्षांपूर्वी गोल्डन गोल मारणाऱ्याची. कॅनाव्हारोची ती देशाकडून शंभरावी मॅच. त्या स्पर्धेत तो ६९० मिनिटं खेळला, म्हणजे इटलीच्या सातही मॅचचं प्रत्येक मिनिट, आणि त्याला एकही कार्ड मिळालं नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मातेराझ्झीला रेड कार्ड मिळून टीम दहाजणांवर आली, तेव्हाही नाही. इटलीने सात मॅचमध्ये दोनच गोल खाल्ले, त्यातला एक स्वतःच स्वतःवर मारलेला आणि दुसरा झिदानची पेनल्टी. चालत्या खेळात समोरच्या एकाही खेळाडूला गोल करता आला नाही.

आणि हे सगळं अर्ध्याहून जास्त स्पर्धा जोडीचा बॅक नेस्ता नसताना. नेस्ता तिसऱ्या मॅचला जखमी होऊन गेला. खरं सांगायचं तर नेस्ता ह्याच्यापेक्षा देखणा खेळायचा. माल्दिनी तर दोघांच्याही वर. पण मला कोणी विचारलं की उद्या सकाळी तुझ्या गोलपुढे कोणाला उभं करशील, तर मी ह्यालाच करीन.

त्या वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात भारी खेळाडूचं बक्षीस, त्याला मिळाला. १७३ गुण, बुफॉनला १२४, हेन्रीला १२१. त्याच्या आधी बॅकला खेळणाऱ्यांत फक्त बेकेनबाउअर आणि झामर ह्यांना तो मिळाला होता. त्यानंतर आजवर एकाही डिफेंडरला नाही. २०१९ ला व्हॅन डाइक दुसरा आला तेवढंच. कॅनाव्हारोला तो मिळाला तेव्हा आमच्या शेडमध्ये एक इंजिनिअर साहेब म्हणाले होते की हे बक्षीस गोल मारणाऱ्याला द्यायला पाहिजे. मी काही बोललो नाही, साहेब होते. पण मनात म्हटलं, साहेब, इंजिनाला ब्रेक नसता तर तुम्ही बसला असता का?

पुढची उतरण मी लपवत नाही. वर्ल्ड कप चालू असतानाच इटलीत मॅच-फिक्सिंगचं प्रकरण उकळत होतं. युव्हेंटसची दोन विजेतेपदं काढून घेतली, क्लबला खालच्या लीगमध्ये टाकलं. बुफॉन आणि डेल पिएरो क्लबसोबत खाली गेले. कॅनाव्हारो कोच कापेलोबरोबर माद्रिदला गेला. हे मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं. रियाल माद्रिदला त्याने दोन लीग जिंकल्या, पण पाय जड झाले होते, दिसत होतं. २००८ च्या युरोआधी सरावातच घोटा गेला. २००९ ला युव्हेंटसला परतला तर तिथल्या लोकांनी त्याला सोडून गेलेला जावई परत आल्यासारखं वागवलं. त्यात मधमाशी चावली म्हणून घेतलेल्या औषधात कॉर्टिझोन निघालं आणि डोपिंगची चौकशी लागली; सुटला त्यातून. आमच्याकडे मधमाशी चावली तर लोखंड घासतात. त्याने ते केलं असतं तर एवढं झालंच नसतं.

२० जून २०१०, दक्षिण आफ्रिका. इटली विरुद्ध न्यूझीलंड. सातवंच मिनिट, न्यूझीलंडची फ्री किक डीत आली, एकाच्या डोक्याला लागून कॅनाव्हारोच्या अंगावर आपटली आणि त्याच्या पायाजवळ पडली. दुसरा चेंडू. तो हलेपर्यंत स्मेल्ट्झने पाय घालून गोल केला. कॅनाव्हारो ३६ वर्षांचा होता. मी त्या दिवशी टीव्हीसमोर एकटाच होतो, आई गेल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण खरं तर थोडंसं बरं वाटलं, आणि ते वाटल्याची लाज वाटली. इटली गटात शेवटची येऊन घरी गेली. त्याने देशाचा शर्ट १३६ मॅचनंतर काढून ठेवला. २०११ ला दुबईत गुडघ्यामुळे खेळ थांबवला.

आता पासाची गोष्ट.

जानेवारी २०१२ मध्ये पेपरात बातमी आली की बंगालमध्ये फुटबॉलची नवी लीग होणार, सहा टीमचा लिलाव झाला आणि सिलिगुडीच्या टीमने कॅनाव्हारोला घेतलं, सुमारे ८ लाख ३० हजार डॉलरला. मी पेपर घेऊन चालतच ऑफिसात गेलो. रेल्वेवाल्याला परमेश्वराने काही दिलं नसेल, पण पास दिलाय. फॉर्म भरला, भुसावळ ते न्यू जलपाईगुडी आणि परत, सहकुटुंब. क्लार्क म्हणाला, "दार्जिलिंग का?" मी म्हटलं, "हो." कॅनाव्हारो सांगायची हिंमत झाली नाही.

लीग आधी पुढे ढकलली. मग आणखी पुढे. मग झालीच नाही. पास मात्र निघाला होता, मुदत संपत आली होती, पोरांना मेची सुट्टी होती आणि भुसावळात पारा ४५ वर. बायको म्हणाली, पास वाया घालवायचा नाही. गुवाहाटीच्या गाडीने गेलो. दार्जिलिंग पाहिलं, टॉय ट्रेन पाहिली, पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा मे महिन्यात स्वेटर घातला.

परतीच्या दिवशी गाडीला चार तास होते. मी सगळ्यांना रिक्षात घालून सिलिगुडीच्या कांचनजंगा स्टेडियमला नेलं. गेट बंद. जाळीतून हिरवं मैदान दिसत होतं, आपल्याकडच्या काळ्या मातीशी काही संबंध नसलेलं. आत चार पोरं चेंडू हाणत होती. मी जाळीला हात लावून बराच वेळ उभा राहिलो असेन, कारण मुलगा म्हणाला, "पप्पा, चला ना."

बायकोने विचारलं, "इथे काय होतं?"

शेवटी सांगितलं. की तो येणार होता, सेमीफायनलवाला, ज्याच्यावरून सगळे मला कॅना म्हणतात तो. तो दिसावा म्हणून पास काढला होता.

तिने जाळीतून आत पाहिलं, मग मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तसा तिला वेळ लागला नाही.

"बुटका स्टॉपरच बघायचा होता, तर घरी आरसा नव्हता का?"

समोर एक बाई मोमो विकत होती. पोरांनी दोन प्लेट मागवल्या, मग आणखी दोन.